मदत हवी आहे : माउंट थॉरच्या कड्याचा १०५ अंशांचा कोन नेमका कुठला धरावा?

नमस्कार. कॅनडातील बॅफिन बेटावरच्या माउंट थॉर या पर्वताचे भित्तिपत्रक मी शाळेच्या भूगोल मंडळासाठी तयार करत आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. औयुइट्टुक राष्ट्रीय उद्यानातील या पर्वताची उंची १,६७५ मीटर, त्याच्या पश्चिम कड्याची उंची १,२५० मीटर आणि कड्याचा सरासरी कोन १०५ अंश, असे सर्वत्र छापलेले आढळते. म्हणजे कडा उभ्या रेषेच्याही १५ अंश पुढे झुकलेला आहे. दोन कार्डशीट जोडून, एक सेंटिमीटरला दहा मीटर या प्रमाणात मी तो काढून पाहिला, तेव्हा माथा पायथ्याच्या साडेतेहतीस सेंटिमीटर पुढे आला. प्रत्यक्षात हे अंतर सुमारे ३३५ मीटर होते. छायाचित्रांत मात्र कड्याचा खालचा भाग मागे कललेल्या कातळाचा दिसतो आणि त्याच्या वर भिंत पुढे येऊ लागते. मग हा कोन संपूर्ण कड्याचा मानायचा, की केवळ वरच्या भागाचा?

दुसरी अडचण चढाईच्या नोंदींची आहे. शिखरावर पहिली चढाई १९६५ मध्ये लायमन स्पिट्झर आणि डोनाल्ड मॉर्टन या दोन खगोलशास्त्रज्ञांनी केली. अवकाशात दुर्बीण ठेवण्याची कल्पना १९४६ मध्येच मांडणारे स्पिट्झर ते हेच, आणि मुलांना हे कधी सांगतो असे मला झाले आहे. पश्चिम कडा मात्र त्यानंतर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, चार अमेरिकी प्रस्तरारोहकांनी सर केला आणि त्यासाठी त्यांना ३३ दिवस लागले. या दोन्ही चढाया मला वेगवेगळ्या रंगांनी दाखवायच्या आहेत. त्यासाठी स्पिट्झर आणि मॉर्टन कोणत्या बाजूने चढले, हे कोणी सांगू शकेल का?

शेवटचा प्रश्न हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोराने उतरलेल्या अनुभवी मंडळींसाठी आहे. भिंत पुढे झुकलेली असली की खाली सोडलेला दोर कातळापासून दूर लोंबकळतो. अशा वेळी अर्ध्यातून माघार घ्यायची झाल्यास उतरणारा खालच्या टप्प्यावर पुन्हा भिंतीपर्यंत कसा पोहोचतो? चढतानाच त्याची काही तजवीज करून ठेवावी लागते का?

कड्याच्या खालच्या भागाची रेषा मी तूर्त पेन्सिलीनेच ठेवली आहे.