रिकामे कॅन : अनामत परत घ्यावी की सुक्या कचऱ्यात द्यावेत?

प्रश्न : शीतपेयाच्या कॅनसाठी खरेदीवेळी भरलेली अनामत रिकामा कॅन दिल्यावर परत मिळत असली, तरी कॅन साठवून ते परत घेणाऱ्या केंद्रावर नेण्यापेक्षा दारातून सुका कचरा नेणाऱ्या गाडीत देणे सोयीचे वाटते. दोन्हीकडे ॲल्युमिनियम वितळवलेच जाणार असेल, तर नेमका फरक काय पडतो?

उत्तर १ : फरक मालाच्या स्वच्छतेत पडतो. सुक्या कचऱ्याच्या गाडीत कॅन, कागद आणि काच एकत्र दाबले जातात आणि चपटा झालेला कॅन वर्गीकरणाच्या पट्ट्यावर कधीकधी कागदाबरोबरच निघून जातो. केंद्रावर मात्र कॅन वेगळे जमा होत असल्याने त्यांच्यापासून पुन्हा कॅन बनवणे सुकर होते. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढण्याच्या तुलनेत यात सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

उत्तर २ : सहमत. मात्र कॅन चेपू नयेत, कारण कॅन परत घेणारे यंत्र बहुधा बारकोड वाचूनच रक्कम देते. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९७१ साली अनामतीचा कायदा केला, तो मुख्यतः रस्त्याकडेला फेकला जाणारा कचरा रोखण्यासाठी. हे काम कचरागाडीने साधत नाही.

उत्तर ३ : केंद्र दूर असल्यास केवळ त्यासाठी वाहन काढू नये. कॅन विसळून, कोरडे करून ठेवावेत आणि त्या बाजूला अन्य कामासाठी जाताना न्यावेत.