11 बाय 13ची बेडरूम: झोप, कपडे आणि कामाचं टेबल कसं बसवावं?

चौथी_भिंत (प्रश्न)

खोली 11 × 13 फूट. डावं-उजवं आत शिरताना धरलं आहे. दार 11 फुटी भिंतीत उजव्या कोपऱ्यात, आत उघडून उजव्या भिंतीला टेकतं. खिडकी बरोबर समोरच्या भिंतीत. राहणार दोघं: एक जण दहाला झोपतो, दुसऱ्याचं लॅपटॉपवर काम आणि कॉल बारापर्यंत. सुताराने दिलेलं ड्रॉइंग असं: डाव्या भिंतीला डोकं करून 6 × 6½ फुटी बेड, समोर उजव्या भिंतीला 7 फूट रुंद कपाट, खिडकीखाली टेबल. वायरिंग अजून झालेलं नाही. यात काय चुकतंय?

गुण्या_ओळंबा

कपाटाची जागा चुकते आहे. सगळं इंचात मांडा. खोलीची रुंदी 132. गादी 78, हेडबोर्ड आणि फ्रेम धरून 82. कपाट 24 खोल. उरले 26. त्यात 21 इंची शटर उघडलं की माणूस उभा कुठे राहणार? शिवाय दाराचा पल्ला उजव्या भिंतीचे 36 इंच खातो, कपाट तिथवर आलं तर तो त्यावर आपटेल.

कपाट दाराच्याच भिंतीला घ्या. चौकटीसह दाराचे साधारण 41 गेले तरी 91 उरतात. 84चं कपाट आणि डाव्या भिंतीकडे 2 इंचांची पट्टी आरामात बसते. ही पट्टी सोडाच. नाहीतर हँडल भिंतीला अडतं आणि शेवटचं शटर पूर्ण उघडत नाही, मग आतले ड्रॉवरही अडकतात.

बेड 5 फुटी करा. फ्रेमसह 64. आता लांबी मोजा: कपाट 24, मोकळे 32, बेड 64, खिडकीकडे 36. बेरीज 156. पायथ्याशी 50 इंच राहतात. टेबल उजव्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यात, 40 लांब आणि 24 खोल. खुर्ची त्या 36च्या पट्ट्यात मागे सरकते, बेडच्या पायाला लागत नाही. उजेड डावीकडून येतो, स्क्रीनवर खिडकीची चमक पडत नाही.

एक मेख आहे. कपाटाकडच्या 32 इंचांत 18चं साइड टेबल ठेवलंत तर शटर त्याला लागेल. तिथे भिंतीला 12 इंचांची फळी मारा आणि कपाटाला चाराऐवजी पाच शटर करा, प्रत्येकी 17च्या आत. स्लायडिंग घेतलंत तर हा प्रश्न मिटतो, पण ट्रॅकमुळे कपाट 26–27 इंच खोल लागतं आणि एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. मी तरी इथे उघडणारी दारंच घेईन.

फेज_न्यूट्रल

वायरिंग झालेलं नाही हे नशीब. बेडची जागा ठरण्याआधी बोर्ड बसवले की निम्म्या घरांत सॉकेट हेडबोर्डमागे गडप होतो.

वरच्या मापांनी बेड दाराच्या भिंतीपासून 56 ते 120 इंचांवर येतो. म्हणजे डाव्या भिंतीवरच्या दोन बोर्डांचे मध्य 50 आणि 126वर. फळी 22 उंच धरली तर बोर्डाची खालची कड 26वर. मोबाइलचा चार्जर आणि वायरचा वळसा त्या फटीत मावतो. मोठ्या दिव्याला टू-वे: एक स्विच दाराशी, एक उशाशी. वाचायचे दिवे दोन्ही बाजूंना स्वतंत्र, 2700–3000 केल्विनचे (पिवळसर उजेड). टेबलावर 4000 (जरा पांढरा). कपाटासमोरचा दिवा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त 100) 90च्या वरचा घ्या, नाहीतर काळं आणि नेव्ही ब्लू एकच दिसेल.

फॉल्स सीलिंग असेल तर पंख्याची जागा आधी ठरवा. 48 इंची पंखा असेल तर स्पॉटलाइट त्याच्या मध्यापासून निदान 30 इंच लांब. पात्यांच्या वर आला की उजेड लपलपतो, पडल्यापडल्या डोकं उठतं. एसी उजव्या भिंतीला नको, झोत थेट तोंडावर येईल.

आडवा_तिडवा

मापं बरोबर आहेत, पण मूळ प्रश्न राहिला. दहा ते बारा एक जण बोलणार आणि दुसरा झोपणार, हे एका खोलीत कोणत्याही मांडणीने जमत नाही. शिवाय त्या टेबलावरची स्क्रीन नेमकी बेडकडे तोंड करून आहे. उजेड छतापासूनच्या जाड पडद्याने अडेल. आवाज कापडाने अडत नाही.

चौथी_भिंत

नऊनंतरचे कॉल हॉलमध्ये नेता येतील. मग टेबल ठेवू की काढू?

गुण्या_ओळंबा

दिवसा रोज दोनेक तास वापर असेल तर ठेवा. नसेल तर आठवड्याभरात त्यावर न वाळलेले कपडे येतील. काढलंत तर बेड मात्र 6 फुटी करू नका. त्या जागी उंच आरसा आणि बसायला स्टूल जास्त उपयोगी.

बेडखाली हायड्रॉलिक स्टोरेज (गादीसकट फळी गॅस स्प्रिंगवर वर उचलली जाते) घेणार असाल तर गादी आधी नक्की करा. गॅस स्प्रिंग गादीच्या वजनावर ठरतात. फोमच्या हिशेबाने बसवून नंतर लॅटेक्स टाकलीत तर उचललेली फळी वर थांबत नाही, हातावर येते.

सुताराला ड्रॉइंग देण्याआधी जमिनीवर मास्किंग टेपने बेड, कपाट आणि उघडलेली शटर आखा, आणि दोघांनी एकाच वेळी आत वावरून बघा. मापं प्लास्टर आणि स्कर्टिंग झाल्यावरची घ्या; कच्च्या भिंतीची घेतलीत तर 84चं कपाट 83मध्ये ठोकत बसाल.