बदकांचे शिकारी आणि त्यांचे रिट्रीव्हर: हे नाते जोडीदारीचे की वापराचे?

चेसापीककर (धागाकर्ता)

अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर बदकांची शिकार ही हिवाळ्यातली जुनी रीत आहे आणि तिच्यात बंदुकीइतकेच महत्त्व रिट्रीव्हरला, म्हणजे पाडलेला पक्षी शोधून आणणाऱ्या कुत्र्याला असते. मी स्वतः शिकार करीत नाही. परंतु आमच्या शेजाऱ्यांच्या चेसापीक बे रिट्रीव्हर जातीच्या कुत्रीला सराव देण्यात हातभार लावतो आणि हंगामात त्यांच्याबरोबर लपणीत, म्हणजे बदकांना दिसू नये अशा आडोशात, जाऊन बसतो. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचे दार जवळपास बंदच केले, आणि ते योग्यच झाले. मात्र त्यामुळे या नात्याबद्दल मराठीत फारसे बोलले जात नाही. माझे मत असे आहे की शिकारी आणि रिट्रीव्हर यांचे नाते घरात लाडाने पाळलेल्या कुत्र्याच्या नात्यापेक्षा अधिक खोल असते, कारण त्यात दोघांनाही एकमेकांच्या जाणतेपणावर विसंबावे लागते.

१८०७ साली या किनाऱ्याजवळ बुडणाऱ्या जहाजावरून वाचवलेली सेलर आणि कँटन ही कॅनडातील न्यूफाउंडलंडची दोन पिल्ले या जातीचे मूळ पूर्वज मानली जातात. या कुत्र्यांच्या अंगावरचे दुहेरी, तेलकट केस बर्फाळ पाणी कातडीपर्यंत सहसा पोचू देत नाहीत. पहाटे लपणीत बसलेल्या कुत्रीच्या छातीवर पाण्याचे थेंब गोठून त्यांचे मणी झालेले असतात, पण तिची नजर आभाळावरून हलत नाही. थवा आमच्या ध्यानात येण्याआधी तिचे कान मुळापासून ताठ होतात, आणि आमचे शेजारी आभाळाकडे न बघता तिच्याकडे बघून बंदूक सावरतात.

बार झाल्यावरही हुकूम मिळेपर्यंत ती जागची हलत नाही. बदक पडताना तिने पाहिले असेल, तर माणसाने मध्ये लुडबूड करायची नसते, कारण ते नेमके कुठे पडले हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तिने पाहिलेले नसेल, तर मात्र सगळे उलट होते. शिट्टी वाजताच ती भर पाण्यात मागे वळते, पाय मारीत जागच्या जागी तरंगत राहते आणि माणसाच्या हाताकडे पाहते. हात डावीकडे गेला, की नाक दुसरीकडे ओढत असले तरी ती डावीकडे पोहत जाते. याला केवळ आज्ञापालन म्हणणे मला पटत नाही.

शिवाय जखमी बदक बुडी मारते, लव्हाळ्यात दडते आणि कुत्रा नसेल तर बहुधा तिथेच तडफडून मरते. पाडलेला पक्षी शोधण्याचा वाजवी प्रयत्न करणे अमेरिकेतील नियमांनुसार शिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि ते बंधन प्रत्यक्षात कुत्राच पाळून दाखवतो. शिकाऱ्यांनी विकत घ्यावयाच्या तिथल्या सरकारी बदक-तिकिटावर १९५९ साली किंग बक या काळ्या लॅब्रॅडॉरचे चित्र छापले गेले, ते रिट्रीव्हरमुळे शिकार वाया जात नाही हे ठसवण्यासाठीच.

मूकवेदना

आपले वर्णन सुंदर आहे, परंतु निष्कर्षाशी मी पूर्णपणे असहमत आहे. या नात्यात तिसरा एक जीव आहे आणि त्याला आपण केवळ 'पडलेले बदक' म्हणून मोजले आहे. जखमी पक्ष्याची तडफड कुत्रा कमी करतो हे खरे. पण ती तडफड ज्या बारामुळे सुरू झाली, तो बार त्याच कुत्र्याच्या मालकाने केलेला असतो. स्वतः निर्माण केलेले दुःख आवरण्यासाठी दुसऱ्या प्राण्याला गोठलेल्या पाण्यात पाठवायचे आणि त्याला जोडीदारी म्हणायचे, हे मला मान्य होणार नाही.

सरावाबद्दलही आपण निम्मेच सांगितले आहे. तोंडात दिलेली वस्तू कुत्र्याने हुकमावर धरावी आणि हुकमाशिवाय सोडू नये यासाठी अनेक प्रशिक्षक त्याचा कान चिमटतात; वेदनेने तोंड उघडले की त्यात डमी (सरावासाठीचा नकली पक्षी) सरकवतात आणि मगच कान सोडतात. विजेचा झटका देणारे पट्टेही सर्रास वापरले जातात. वेल्सने असे पट्टे २०१० मध्येच बेकायदा ठरवले. शिट्टी वाजताच कुत्री भर पाण्यात वळून माणसाच्या हाताकडे पाहते, त्या पाहण्यात विश्वास किती आणि धाक किती, हे आपण कसे ओळखता?

श्वानसराव

मी पुण्याजवळ लॅब्रॅडॉर कुत्र्यांना डमीवर प्रशिक्षण देते. कान चिमटण्याची पद्धत मी वापरत नाही आणि तिची गरजही मला कधी भासली नाही. पण 'वापर' हा शब्द या कुत्र्यांना लागू करताना थोडा विचार करावा. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करीत, जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणीत. इंग्लंडच्या उमरावांनी त्यांना बंदुकीच्या कामाला लावले ते नंतर. पाण्यातून वस्तू आणून माणसाच्या हातात देण्याची ही ओढ पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेली आहे, आणि तिला वाव न मिळालेला लॅब्रॅडॉर सदनिकेत कसा सैरभैर आणि लठ्ठ होतो, हे मी रोज पाहते. धाकाने काम करणारा कुत्रा शेपटी पोटाशी घेऊन, अंग चोरून परततो. मनापासून काम करणाऱ्याला डमी हातात देऊन पुन्हा पाण्याकडे वळायची घाई असते. हा फरक अनुभवी डोळ्यांना लपत नाही.

मात्र धागाकर्त्यांना माझा एक प्रश्न आहे. हे सारे डमीवर साधत असेल, तर बदक मारण्याची गरज नात्याला आहे की फक्त माणसाला?

नांदूरचा पक्षीमित्र

बदक-तिकिटाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. १९३४ पासून चालू असलेल्या या तिकिटाच्या दर डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागांसाठी जातात आणि सुमारे ६० लाख एकर अधिवास त्यातून राखला गेला आहे, हे पक्षीप्रेमी म्हणून मी नाकारणार नाही. पण नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले, ते शिकाऱ्यांच्या पैशावाचून. आणि मर्यादा नसेल तर बंदूक काय करते हे राजस्थानातील भरतपूरने पाहिले आहे: १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

चेसापीककर (धागाकर्ता)

कान चिमटण्याबाबत मूकवेदना यांच्याशी मी सहमत आहे. ती पद्धत बंद व्हावी. आमच्या शेजाऱ्यांनी ती वापरलेली नाही. श्वानसराव यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की डमी फेकणाऱ्याला ती कुठे पडणार हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे चुकण्याची जबाबदारी एकट्या कुत्र्यावर राहते. जखमी बदकाच्या मागावर मात्र माणूस खरोखरच अजाण असतो आणि त्याला कुत्रीच्या नाकापुढे मान तुकवावी लागते. भरतपूरचा मुद्दा मला उलट बाजूने महत्त्वाचा वाटतो. पलीकडे प्रवाहाला ओढ आहे, तिथे पडलेले बदक आणताना कुत्रीचा जीव जाईल, म्हणून ऐन टप्प्यात आलेल्या थव्यावर शेजाऱ्यांनी बंदूक न उचललेली मी पाहिली आहे. हा संयम कायद्याने आलेला नव्हता, कुत्रीच्या काळजीने आलेला होता.

मूकवेदना

त्या थव्यावर बार झाला नाही याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु त्या दिवशी बदके वाचली ती कुत्रीच्या जिवासाठी, त्यांच्या स्वतःच्या जिवासाठी नव्हे. आपल्या शेजाऱ्यांचे मन कुत्रीसाठी बंदूक खाली ठेवण्याइतके हळवे असेल, तर प्रवाह शांत असताना ते बदकासाठी का ठेवत नाहीत, हे त्यांना विचारून येथे अवश्य लिहावे.