पोलिश शेजार आणि 'आमच्या पैशावर जगणारे परके' : अनुभव लिहा

पोलिश लोकांच्या शेजारी राहिलेली, त्यांच्या बरोबरीने राबलेली बरीच मराठी मंडळी आता झाली आहेत. १ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात आला. त्या दिवसापासून नोकरीची दारं उघडणारे जुने सदस्य देश तीनच होते, ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. त्यामुळे स्लाऊ, ईलिंग, डब्लिन इथल्या आपल्या लोकांना भिंतीला भिंत लागून पोलिश शेजार मिळाला. पुढे उलटा प्रवास सुरू झाला. व्रोत्सवाफ-क्राकुवच्या आयटी कंपन्या, वूचची विद्यापीठं, वॉर्सातली डिलिव्हरी करणारी पोरं, असे आपणच पोलंडात पोचलो.

मी दोन्हीकडे राहिले. इंग्लंडात पोलिश लोकांना 'बेनिफिट्स (सरकारी भत्ते) खायला आलेले' म्हणायचे. पोलंडात आल्यावर तेच वाक्य पोलिश तोंडून युक्रेनी लोकांबद्दल ऐकलं, आणि हल्ली आपल्याबद्दलही ऐकू येतं. पंगतीत शेवटी येऊन बसलेल्याच्या पानात काय वाढलंय, यावरच सगळ्यांची नजर, असं माझं मत झालंय. तुमचं मत उलट असेल तर बेलाशक लिहा. फक्त ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं लिहा. सुरुवात मीच करते.

स्लाऊ, आता क्राकुव

आमच्या शेजारी लुब्लिनकडचं जोडपं होतं. तो प्लास्टरचं काम करायचा, ती पहाटे ऑफिसं झाडायला जायची आणि आम्ही उठायच्या आत परत आलेली असायची. त्यांचा मोठा मुलगा आजीकडे, पोलंडात. त्याच्यासाठी यांना ब्रिटनचं चाइल्ड बेनिफिट मिळायचं, आठवड्याला २० पौंड ३० पेन्स. युरोपीय संघाच्या नियमाने आईबाप जिथे काम करून विमा भरतात तो देश मुलाचा भत्ता देतो, मूल कुठेही राहो.

जानेवारी २०१४ मध्ये तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन टीव्हीवर नेमकं यावरच बोलले आणि उदाहरण दिलं पोलंडचं. पोलंडचे परराष्ट्रमंत्री सिकोर्स्की यांनी उलट विचारलं, आमच्या माणसांचा कर चालतो तर मग त्यांचे भत्ते का नाही द्यायचे? इकडे आमची शेजारीण पगाराच्या स्लिपा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. नॅशनल इन्शुरन्सच्या, म्हणजे सरकारी विम्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "पोरगा तिकडच्या शाळेत जातो, तिकडच्या डॉक्टरकडे जातो. त्याला उद्या इथे आणला तर तुमच्या सरकारला जास्त पडेल की कमी?" हिशोब बरोबर होता.

आमचे हे मात्र गप्प बसले नाहीत. आमच्या व्हिसाच्या कार्डावर छापलेलं होतं 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते मागायचे नाहीत. कर तोच, इन्शुरन्स तोच, मुलगी तर इंग्लंडातच जन्मलेली, आणि भत्ता शून्य. "तुमच्यावर अन्याय होतोय म्हणता, मग आमच्यावर काय होतंय?" असं त्यांनी विचारलं. तिला हे माहीतच नव्हतं. तिचा चेहरा बघून मला वाटलं, ज्यांना मिळतं त्यांना न मिळणाऱ्यांची खबर नसते, आणि टीव्हीवर ओरडणाऱ्यांना दोघांचीही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये कॅमेरॉननी युरोपीय संघाशी करार केला. परदेशी राहणाऱ्या मुलांचा भत्ता तिथल्या राहणीमानाप्रमाणे कमी करायचा आणि नव्याने येणाऱ्यांना कामावर असताना मिळणारे भत्ते चार वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यायचे, असं ठरलं. जूनमध्ये युरोपीय संघात राहायचं की नाही यावरचं सार्वमत हरले, करार कागदावरच राहिला. आणि त्याच वर्षी, १ एप्रिल २०१६ पासून, खुद्द पोलंडने दुसऱ्या मुलापासून पुढे मुलामागे महिना ५०० झ्लॉटी (पोलंडचं चलन) सुरू केले होते! शेजारीण पुढे परत गेली. भत्त्यासाठी नाही, सासू अंथरुणाला खिळली म्हणून.

हॅरो, लंडन

मी थोडं कडू लिहिणार आहे. २३ जून २०१६ ला मी 'लीव्ह'ला, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं म्हणून मत दिलं. अनेकांना ठाऊक नसतं की ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकांना त्या सार्वमतात मत होतं. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता, तरी मी मत दिलं. समोरच्या घरातली पोलिश बाई माझ्याआधी इथे आलेली, तिला मत नव्हतं.

माझा राग पोलिश लोकांवर नव्हता. मिस्टरांच्या आईला इकडे आणायचा अर्ज फेटाळला गेला होता. एप्रिल २०१५ पासून व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार आला, तेव्हा माणशी वर्षाला २०० पौंड, आता १०३५. म्हणजे पगारातून एकदा आणि व्हिसाबरोबर पुन्हा. युरोपातून येणाऱ्याला तेव्हा यातलं काही नव्हतं, तिकीट काढायचं आणि यायचं. तेव्हा प्रचारात आम्हाला सांगितलं जायचं की युरोपची दारं बंद झाली की तुमच्यासाठी उघडतील.

लोक म्हणतात, पश्चात्ताप होतो का. नाही होत. पण सार्वमतानंतर हॅमरस्मिथच्या पोलिश केंद्रावर कोणीतरी घाणेरडं रंगवून ठेवलं, तेव्हा मी फुलं घेऊन तिथे गेले होते. बाहेर पुष्पगुच्छांचा ढीग होता, इंग्रजांनीच आणून ठेवलेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कोणाला पटो न पटो.

आणि एक. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या दोन अर्थतज्ज्ञांचा २०१४ चा अभ्यास तेव्हा सगळे नाचवत होते, की पूर्व युरोपातून आलेल्यांनी २००१ ते २०११ मध्ये घेतलं त्यापेक्षा सुमारे ५ अब्ज पौंड जास्त भरले. मान्य. माझी तक्रार ते किती घेतात ही नव्हतीच. मी भरते आणि मला घेता येत नाही, ही होती.

डब्लिन

आमच्याकडे हा वाद जवळजवळ नाही. २०१६ च्या जनगणनेत इथे १ लाख २२ हजार पोलिश नागरिक होते, आयरिश सोडता सर्वांत मोठा गट. चाइल्ड बेनिफिट मुलामागे महिना १४० युरो. इथे स्थायिक आहात हे दाखवलं की पोलिशांना मिळतं आणि वर्क परमिटवरच्या आम्हालाही मिळालं. सगळ्यांना सारखं मिळालं की कोण कोणाच्या पानात बघणार? वाद आहेत ते भाड्याच्या घरांवरून. ते लिहायला वेगळा धागा लागेल, आणि तो फार लांबेल.

व्रोत्सवाफ

पोलंडात आत राहून लिहितोय, म्हणून जरा सविस्तर.

मुलगी इथेच झाली. ५०० झ्लॉटीची योजना जुलै २०१९ पासून पहिल्या मुलालाही लागू झाली आणि जानेवारी २०२४ पासून ८०० झाले. 'ओशेमसेत प्लुस' म्हणतात तिला. उत्पन्नाची अट नाही. परदेशी माणसाला मात्र कार्ता पोबितु, म्हणजे राहण्याचा परवाना लागतो आणि त्यावर 'दोस्तेंप दो रिन्कु प्रात्सी' ही नोंद हवी, म्हणजे काम करायची मुभा. ते कार्ड मिळेपर्यंत आमच्या पासपोर्टावर नुसता शिक्का होता. अर्ज पडून, आम्ही लटकून. पगारातून झूसचा, म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून न चुकता कापला जात होता.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते, पेन्शनर. स्वभावाने चांगली. ऑगस्टात काकड्यांच्या बरण्या भरते, शेपूची फुलं, लसूण, तिखटमुळ्याचं पान घालून, आणि एक बरणी आमच्या दाराशी असतेच. ८०० प्लुस सुरू झाल्याचं बायकोने तिला कौतुकाने सांगितलं, तर पटकन म्हणाली, "तुम्हालाही देतात?" त्यात विखार नव्हता, खरंच आश्चर्य वाटलं होतं. मग बराच वेळ युक्रेनी बायकांवर बोलली. नखं रंगवून येतात, मोठ्या गाड्या असतात, पैसे घेऊन परत जातात, वगैरे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा याच बाईने मागच्या खोलीत खार्किवच्या मायलेकींना ठेवून घेतलं होतं.

तिचा स्वतःचा मुलगा नेदरलँड्समध्ये गोदामात काम करतो. नातवंडांचा भत्ता डच सरकार देतं. २०१२ मध्ये तिकडे कडव्या उजव्या विल्डर्स यांच्या पक्षाने पोलिश आणि पूर्व युरोपीय लोकांविरुद्ध तक्रारी नोंदवायला चक्क वेबसाइट काढली होती. मुलगा तेव्हा तिथेच होता. ती आठवण निघाली की बाई अजून लाल होते. "तो बारा बारा तास राबतो!" मी म्हटलं, मीही राबतो. "तुझं वेगळं," म्हणाली. सगळ्यांचं असंच असतं, ओळखीचा माणूस कायम 'वेगळा'.

२०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हाच विषय पेटला. जानेवारीतच वॉर्साचे महापौर त्शास्कोव्स्की, म्हणजे उदारमतवादी गटाचे उमेदवार, म्हणाले की काम करून इथे कर भरणाऱ्या युक्रेनियनांनाच ८०० द्यावेत. निवडून आले त्यांचे उजवे प्रतिस्पर्धी नावरोत्स्की. त्यांनी ऑगस्टात युक्रेनियनांच्या मदतीचा कायदाच नकाराधिकार वापरून अडवला. मग सप्टेंबरात नवा कायदा झाला आणि भत्ता परक्या आईबापांच्या नोकरीशी आणि मुलाच्या पोलिश शाळेशी जोडला गेला. डावे-उजवे सगळे या एका मुद्द्यावर जवळजवळ एकाच बाकावर.

त्याच वर्षी सरकारी विकास बँकेचा (बे-गे-का) अहवाल आला होता. २०२४ मध्ये युक्रेनी लोकांना ८०० प्लुसचे मिळाले २.८ अब्ज झ्लॉटी, त्यांनी कर आणि विम्यापोटी भरले १५.१ अब्ज. म्हणजे एक झ्लॉटी घेतला तर पाचांहून अधिक दिले. मी बाईला आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, "बँका काय, काहीही लिहितात." वाद तिथेच संपला. काकड्या यंदाही आल्या.

वॉर्सा (विद्यार्थी)

संध्याकाळी पाठीवर चौकोनी बॅग टाकून सायकल मारतो. एकदा लिफ्टमध्ये एक काका सुनावून गेले, 'कर भरत नाही आणि इथलं खाता.' खोटं बोलले असं म्हणता येत नाही. २६ च्या आतल्या विद्यार्थ्याच्या कंत्राटी कामावर इथे झूस लागत नाही आणि ठराविक मर्यादेपर्यंत आयकरही माफ. पण हा नियम पोलिश विद्यार्थ्यांसाठीच केलाय, मी फक्त त्यात बसतो. शिवाय कॉलेजची फी मी पूर्ण भरतो, सरकारी कॉलेजात दिवसा शिकणाऱ्या पोलिश मुलांना ती नसते. हे सगळं पोलिशमध्ये सांगण्याइतकी भाषा येईस्तोवर लिफ्ट तळमजल्याला पोचते.

बाकी अनुभव वाईटच असं नाही. नाताळच्या आदल्या रात्री वर्गमित्राने घरी नेलं. बारा पदार्थ, मांस नाही, आणि टेबलावर एक ताट जास्तीचं, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. त्याची आजी म्हणाली, इतक्या वर्षांत या ताटावर पहिल्यांदा कोणी बसलं. कार्प मासा मात्र घशाखाली उतरेना. आमच्या मालवणी आईला सांगू नका.

कोल्हापूर

मी परदेशी गेलो नाही, तरी लिहितो. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. रशियाने सैबेरियात पाठवलेले, तिथून इराणमार्गे आलेले. आमचे आजोबा छावणीत दूध घालायचे. ते सांगायचे, गिऱ्हाईक म्हणून पोल लोक एक नंबर. पैसे रोख, पण दुधात पाणी दिसलं की बाई कॅन तिथेच उपडा करणार.

२०२४ च्या ऑगस्टात पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला गेले, तेव्हा गावभर एकच सूर, 'आम्ही त्यांना पोसलं.' जागा दिली, माया लावली, हे खरं. पण वळिवड्याचा खर्च लंडनमधलं पोलंडचं निर्वासित सरकार करत होतं. जामनगरजवळच्या बालाचडीची गोष्ट निराळी, तिथल्या अनाथ पोरांसाठी जामसाहेबांनी, म्हणजे तिथल्या राजांनी, संस्थानिकांकडून पैसा उभा केला. दोन्ही छावण्यांची सरमिसळ करून आपण फुशारकी मारतो. आजोबा असते तर म्हणाले असते, दुधाचे पैसे त्यांनी चुकते केलेत, उगाच उपकार सांगू नका.

स्टाव्हांगर, नॉर्वे

नॉर्वेत पोलिश हा स्थलांतरितांचा सर्वांत मोठा गट. आमच्या साइटवरचे बहुतेक सुतार आणि वेल्डर तेच, सुट्टी लागली की थेट गदान्स्कचं विमान. पाळणाघरात न जाणाऱ्या लहान मुलांसाठी इथे रोख भत्ता असतो. तो पोलंडात राहणाऱ्या मुलांनाही जातो, म्हणून दर निवडणुकीत ओरडा. गंमत म्हणजे जेवणाच्या सुट्टीत नॉर्वेजियन सहकारी ही तक्रार माझ्याजवळ करतात. मी इंजिनियर, म्हणून मी 'त्यांतला' नाही! कंत्राटदार त्या सुतारांचा ओव्हरटाइम बुडवतो, यावर मात्र टेबलावर कोणी बोलत नाही. मी एकदा विषय काढला, तर सगळ्यांना एकदम कामं आठवली.

क्राकुव (धागाकर्ती)

व्रोत्सवाफ, तुमच्यासारख्यांना एक सांगायचं राहिलं. ८०० प्लुसचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, तोही ऑनलाइनच. १ फेब्रुवारीपासून घेतात, नवं वर्ष १ जूनला सुरू होतं. एप्रिलअखेर भरला तर खंड पडत नाही. आईबापांपैकी एक जण दुसऱ्या युरोपीय देशात नोकरीला असेल तर प्रकरण झूसकडून वोयेवोदाच्या, म्हणजे प्रांताच्या राज्यपालाच्या कचेरीत जातं, म्हणजे थांबायची तयारी ठेवा. कार्डाची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाच्या अर्जाची पोच जपून ठेवा, आमच्याकडे तीच मागितली होती.

हॅरोताई, तुमचं मत मला पटलेलं नाही, पण लिहिलंत हे बरं केलंत. सासूबाईंच्या अर्जाचं पुढे काय झालं?

हॅरो, लंडन

काही नाही झालं. त्या सांगलीतच आहेत, आम्ही दिवाळीला जातो.