गोंडस दिसणारी चित्रं आणि गांभीर्य

‘कार्टूनसारखी चित्रं बघायला मजा येते, पण त्यांना गंभीर कला कसं म्हणायचं?’ या प्रश्नात मजा आणि गांभीर्य एकमेकांच्या विरोधात उभे केलेत. मला ते पटत नाही.

अमेरिकन चित्रकार फिलिप गस्टनचंच बघा. १९५० च्या दशकात अमूर्त चित्रकार म्हणून त्याचा दबदबा होता. १९७० साली न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत त्याने अचानक वेगळीच चित्रं मांडली. त्यात टोकदार बुरखे घातलेली गुबगुबीत माणसं सिगार ओढताहेत, गाडीतून भटकताहेत. एक पठ्ठ्या तर चक्क स्वतःचंच चित्र रंगवतोय! ते बुरखे कु क्लक्स क्लानचे, म्हणजे काळ्या लोकांवर हिंसाचार करणाऱ्या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी संघटनेचे. समीक्षक तुटून पडले, काही मित्रही दुरावले. पण हीच माणसं हुबेहूब, भेसूर काढली असती तर ‘हे कोणीतरी राक्षस, आपला काय संबंध’ म्हणून आपण सुटलो असतो. इथे आधी हसू येतं, मग आपण कोणाला हसलो ते कळतं. हा परिणाम त्या बाळबोध रेषेशिवाय साधला नसता.

लहान मुलांसारखी रेषा वापरणारा दुसरा चित्रकार पॉल क्ले. त्याची चित्रं तर नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात टिंगलीसाठी लावली होती. आजारपणात, मृत्यू जवळ आलेला असताना त्याने काढलेले देवदूत पोरांनी गिरगोटावेत तसे आहेत.

अर्थात गोंडसपणाच्या नावाखाली नुसती सजावटही भरपूर खपते. पण तसं काय, गंभीर चेहऱ्याची पोकळ चित्रंही कमी नाहीत.