वेगवेगळ्या वांशिक गटांतल्या ज्येष्ठांच्या एडीएल (रोजची कामं स्वतः करण्याची क्षमता) गुणांची थेट तुलना करता येते का?

प्रश्न
६५ वर्षांपुढच्या तीन वांशिक गटांकडून कॅट्झ (आंघोळ, कपडे, जेवण अशी स्वतःची ६ कामं) आणि लॉटन-ब्रॉडी (स्वयंपाक, फोन, पैशाचे व्यवहार अशी ८ कामं) या प्रश्नावल्या भरून घेतल्यात. कॅट्झवर तिन्ही गट जवळपास सारखे. लॉटनवर एक गट बराच मागे, पण चालण्याचा वेग सगळ्यांचा सारखाच. परावलंबन खरंच जास्त, की दोष प्रश्नावलीचा?

उत्तर : ऑक्युपेशनल थेरपिस्ट
आधी बघा, ‘करता का’ विचारलंय की ‘करू शकता का’. स्वयंपाक किंवा पैशाचे व्यवहार घरातलं दुसरं कोणी बघत असेल, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येतं आणि धडधाकट माणूस परावलंबी ठरतो. लॉटनच्या १९६९ च्या मूळ पद्धतीत पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं वगळून ५ कामांवरच गुण देत, ते याचमुळे. पण भूमिका फक्त स्त्री-पुरुषांप्रमाणे बदलत नाहीत. म्हणून उत्तराचे तीन पर्याय ठेवा: स्वतः करतो; जमतं, पण करत नाही; जमत नाही. तिसरा निवडला तर कारणही नोंदवा: शरीर, स्मरणशक्ती, नजर, की भाषा आणि अक्षरओळख. फोन, औषधं आणि प्रवास या कामांत भाषेचा अडसर हमखास अपंगत्व म्हणून मोजला जातो.

उत्तर : संख्याशास्त्र
कॅट्झवरच्या सारखेपणावर विसंबू नका. समाजात राहणाऱ्या बहुतेकांना ६ पैकी ६ मिळतात, त्यामुळे फरक असला तरी दिसत नाही.

लॉटनच्या प्रत्येक कामासाठी डीआयएफ तपासा, म्हणजे क्षमता सारखी असूनही त्या प्रश्नाला गटागटांत वेगळी उत्तरं येतात का ते बघा. लॉजिस्टिक रिग्रेशनची (‘जमतं की नाही’ अशा उत्तराचा अंदाज बांधणारी संख्याशास्त्रीय पद्धत) तीन मॉडेल्स लावा: फक्त क्षमता (ते काम वगळून उरलेल्यांची बेरीज), मग त्यात गट, मग गट गुणिले क्षमता. दुसऱ्या पायरीवर फरक पडला तर ते काम त्या गटाला सरसकट अवघड दाखवलं जातंय. तिसऱ्यावर पडला तर क्षमतेच्या पातळीप्रमाणे कमीजास्त. नमुना मोठा असेल तर पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) क्षुल्लक फरकालाही महत्त्व देतं, म्हणून परिणामाचा आकार बघा.

मात्र सगळीच कामं एका बाजूला झुकलेली असतील, तर डीआयएफला काहीच सापडत नाही. तिथे बाहेरचा आधार लागतो. एसपीपीबी ही प्रत्यक्ष करून घ्यायची शारीरिक चाचणी (तोल, चाल, खुर्चीतून पाच वेळा उठणं, ० ते १२ गुण) चांगली, पण ती मुख्यतः पायांची ताकद आणि तोल सांगते. लॉटनला स्मरणशक्तीही लागते, तेव्हा चालीचा वेग सारखा असण्यावरून निष्कर्ष काढू नका. आकलनाची चाचणी जोडा, तीही त्या त्या भाषेत तपासलेली.

प्रश्नकर्ता
प्रश्नावलीचं भाषांतर परत मूळ भाषेत उलट करून ताडलंय. काही उत्तरं घरच्यांनी दिली आहेत.

उत्तर : ऑक्युपेशनल थेरपिस्ट
उलट भाषांतरात शब्द पकडले जातात, समज नाही. प्रत्येक गटातल्या काही जणांना उत्तरानंतर विचारा, ‘मदत म्हणजे तुम्ही काय धरलंत?’ आंघोळीच्या वेळी कोणी नुसतं शेजारी उभं राहिलं, तर कॅट्झच्या लेखी ती देखरेख, म्हणजे परावलंबन. बरेच जण ते मदतीत धरतच नाहीत.

घरच्यांची उत्तरं वेगळी काढा. काळजी घेणारे बहुधा परावलंबन जास्त सांगतात. मागे पडलेल्या गटात अशी उत्तरं जास्त असतील, तर डीआयएफच्याही आधी फक्त स्वतः उत्तर दिलेल्यांवर तुलना पुन्हा करून बघा.