प्रतिसाद: मिलीचे कप करताना

गोळ्यांच्या कढीला ७५० मिली ताक म्हणजे किती कप, या प्रश्नाला ३ कप असं उत्तर कुणी दिलंय; ते कप २५० मिलीचा असेल तरच बरोबर. २४० मिलीच्या कपानं ३ कप आणि वर २ मोठे चमचे (१५ मिलीचे) घ्या. कढीत तेवढं खपून जातं, लोणच्यात नाही.

घरची वाटी मापायची तर काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिली. तेलाला मात्र हा हिशोब लावू नका. १ लीटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणून कैरीच्या लोणच्याच्या कृतीत ५०० ग्रॅम तेल असेल तर गंजात ५५० मिली ओता: २५०च्या कपानं २ कप, ३ मोठे चमचे, १ लहान चमचा. कमी पडलं तर कैरीच्या वरच्या फोडी उघड्या राहतात आणि तिथूनच बुरशी धरते.